गावचा झोनिंग आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे, पंचायत ठरवते का?

नाही. गोव्यात १९७४ च्या कायद्याखाली प्रादेशिक आराखडा नगर व ग्राम नियोजन खातं करतं. शहरी पट्ट्यांचे बाह्य विकास आराखडे नियोजन प्राधिकरणं. पंचायतीचा आवाज हरकती-सूचनांपुरता, पण तो फुकट जात नाही. २०११ सालापर्यंतसाठी केलेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळेच २००७ मध्ये रद्द झाला. मग २०२१ सालापर्यंतच्या नव्या आराखड्याच्या मसुद्याचे नकाशे गावोगावी पाठवले गेले.

आमच्या ग्रामसभेत नकाशा टेबलावर पसरला तेव्हा कळलं, आमची भातशेती ‘सेटलमेंट’ म्हणजे वस्ती-बांधकामाच्या रंगात! नुसती आरडाओरड करू नका. सर्वे नंबर आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) जोडून लेखी हरकत द्या, पोच घ्या. पोच नसेल तर कागद हरवतो, हे अनुभवाचे बोल.