सर्व्हिस करताना कंबर दुखते: टेनिसपटूंच्या दुखण्यांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी 15 वर्षांची आहे. शनिवार-रविवार यवतमाळला सरावाला नेतो. तीन आठवड्यांपासून सर्व्हिस करताना तिची कंबर डाव्या बाजूनं दुखून राहिली. एक्स-रे चांगला आला. पुढच्या आठवड्यात नागपूरला रँकिंग स्पर्धा आहे. गोळी देऊन खेळवावं का?
(एक पालक, दारव्हा तालुका)

उत्तर: नाही भाऊ, खेळवू नका. या वयात एका बाजूची कंबर मागे वाकताना दुखत असेल आणि दुखणं दोन आठवड्यांवर गेलं असेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीत ताणामुळे बारीक तडा गेला आहे का, हे आधी पाहावं लागतं. सुरुवातीचा तडा एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. घरी एवढंच बघा: तिला एका पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. नेमकी तीच जागा दुखली, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. दुखलं नाही म्हणून तडा नाहीच, असंही धरू नका.

सर्व्हिसमध्ये कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला कलते आणि पिळली जाते. चेंडू डोक्याच्या मागे उडाला की वाकणं आणखी वाढतं. किक सर्व्हिसला (चेंडूला फिरकी देऊन उंच उसळवायची सर्व्हिस) तर तो तसाच उडवावा लागतो. त्यात तुमच्याकडे पाच दिवस काहीच नाही आणि दोन दिवसांत सगळा सराव. हाडाला सवय लागायला वेळच मिळत नाही. आठवडाभर थोडं थोडं खेळणाऱ्या मुलीपेक्षा तिच्या कंबरेवर हा भार जास्त अचानक येतो.

तडा निघाला तर साधारण तीन महिने सर्व्हिस, धावणं, उड्या बंद. गोळीनं दुखणं दबतं, तडा मात्र वाढत जातो आणि मग तो न जुळण्याची भीती असते. या काळात भुजंगासन, धनुरासन अजिबात नको. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर प्लँक आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग चालेल.

परत येताना वही ठेवा. पहिल्या दिवशी सर्व्हिस लाइनवरून (जाळ्याकडची आतली रेष) निम्म्या जोरानं 20 सर्व्हिस, मग एक दिवस सुट्टी. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना दुखलं नाही, तरच 10 वाढवा. 60 झाल्यावर बेसलाइनवर (कोर्टची शेवटची रेष) जा, मग जोर वाढवा. किक सगळ्यात शेवटी. शनिवार-रविवारच्या मधे बुधवारी गावातच, शाळेच्या भिंतीवर का होईना, अर्धा तास खेळ ठेवा.

स्पर्धेचं नाव आजच लेखी मागे घ्या. फॅक्टशीटमधली (स्पर्धेचं माहितीपत्रक) मुदत टळली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. न कळवता गैरहजर राहिलं तर दंडाची वेळ येऊ शकते.

प्रश्न: मी 20 वर्षांचा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते, चहाचा कप उचलतानाही कळ येते. रॅकेटमध्ये पॉलिएस्टर गट (जाळीची तार) आहे, सात महिन्यांत तुटला नाही.
(एक खेळाडू, वरोरा)

उत्तर: तुटला नाही, हीच अडचण आहे. पॉलिएस्टर तुटण्याच्या कितीतरी आधी मरतो. त्याची लवचिकता जाते आणि चेंडूचा धक्का सरळ हातात येतो. मोटरसायकलला बांधलेली रॅकेट मे महिन्याच्या उन्हात राहिली तर आणखी लवकर. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचा, मऊ) गट 50 पौंडांच्या आसपास ताण देऊन बसवून घ्या. पॉलिएस्टरच हवा असेल तर ताण 48च्या खाली ठेवा. आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षात निदान तितक्या वेळा गटिंग बदला. बॅकहँडला चेंडू उशिरा, अंगामागे लागतो का, हेही कोचला पाहायला सांगा.

व्यायामाला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हातानं मनगट वर उचला आणि चार मोजत हळू खाली सोडा. 15 वेळा, असे तीन सेट, दिवसाआड. दहापैकी तीन इतकं दुखलं तर चालेल, त्याहून जास्त दुखलं तर पाणी कमी करा. बरं वाटायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडू नका.

प्रश्न: भाऊ आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एम 15 स्पर्धा, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी, खेळायला निघाला आहे. बाहेरगावी दुखलं तर काय करायचं?
(एक वाचक, चिखली)

उत्तर: आधी पैशाचं. एम 15 मध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलं तर सुमारे 156 डॉलर मिळतात, त्यामुळे सोबत फिजिओ नेणं जवळपास कुणालाच परवडत नाही. स्पर्धेच्या फिजिओकडे पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी. सामन्यात दुखापतीवर मेडिकल टाइमआउट तीन मिनिटांचा असतो. पेटके आल्यास तो मिळत नाही, उपचार बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावरच होतात. म्हणून ओआरएस आदल्या दिवसापासूनच घ्यावं.

गोळ्यांच्या बाबतीत फार जपा. ट्रामाडॉल 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं औषध आहे आणि ते आपल्याकडे दुखण्यावर अनेकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येतं. स्पर्धाकाळात स्टेरॉइडचं इंजेक्शनही 2022 पासून चालत नाही, गुडघ्यात दिलेलं असलं तरी. पाकिटावरची घटकांची नावं वाचूनच गोळी घ्यावी, आणि डॉक्टरांना खेळाडू असल्याचं आधी सांगावं. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये तारखेसह ठेवायला सांगा.