हॅलोविनला घरच्या घरी भुताटकी मार्गारिटा कशी बनवायची?

तुम्ही विचारलंय की कोथरूडच्या फ्लॅटवर आठ जणांची हॅलोविन पार्टी आहे, शेकर नाही, बजेट बेताचं, आणि मार्गारिटा (टकीला, म्हणजे घायपातीची मेक्सिकन दारू, आणि लिंबाचं कॉकटेल) अशी हवी की बघून जरा टरकायला झालं पाहिजे. होईल की. फक्त ते ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे कोळी आणि काळे रंग यांच्या नादी लागू नका, कारण भुतं आपल्याकडे काय कमी आहेत का, हडळ आहे मुंजा आहे वेताळ तर टेकडी घेऊन बसलाय, आणि लागणारं बहुतेक सामान स्वयंपाकघरात नाहीतर मंडईत मिळतं.

आधी मूळ मार्गारिटा नीट जमवा, नाहीतर दिसायला भूत आणि प्यायला लिंबू सरबत अशी गत होते. एका ग्लासला ४५ मिली टकीला (म्हणजे दीड छोटा पेग), २० मिली ऑरेंज लिकर (संत्र्याच्या चवीची गोड दारू), २० मिली लिंबाचा रस. टकीलाच्या ७५० मिलीच्या एका बाटलीत आठ जणांचे दोन-दोन ग्लास आरामात निघतात. परदेशी रेसिपीत जो लाइम असतो त्यापेक्षा आपलं कागदी लिंबू जास्त आंबट लागतं, म्हणून थोडा साखरेचा पाक हाताशी ठेवा आणि चव बघत घाला. रस त्याच दिवशी काढा, आदल्या दिवशीचा कडवट लागतो. टकीला महाग वाटली तर आता घायपातीपासून बनवलेली देशी दारूही चांगली मिळते, दख्खनच्या माळावर उगवणारी घायपातच ती, फक्त मेक्सिकोबाहेर बनलेल्याला कायद्याने टकीला म्हणता येत नाही म्हणून लेबलवर नाव वेगळं दिसेल. ऑरेंज लिकरचं बजेट नसेल तर दोन संत्र्यांची साल (पांढरा भाग न घेता) चार चमचे साखरेत चुरडून दोनेक तास ठेवा आणि मग ती साखर त्याच संत्र्यांच्या रसात विरघळवून गाळून घ्या, ऑक्टोबर अखेरीस नागपुरी संत्री यायला लागलेलीच असतात. शेकर म्हणून जिमवाल्यांची प्रोटीनची बाटली किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बरणी चालते, बर्फ भरपूर, बरणी हाताला गारठवेपर्यंत हलवायची, चहाच्या गाळणीने गाळायचं.

आता भुताटकी. माझा सगळ्यात आवडता प्रकार गोकर्णाचा. निळ्या गोकर्णाची पंधरा-वीस ताजी फुलं (शेजाऱ्यांच्या गॅलरीत वेल असतोच, विचारून घ्या) हिरवे देठ काढून टकीलात तास-दोन तास बुडवून ठेवा, टकीला शाईसारखी निळी होते आणि चवीत फारसा फरक पडत नाही. मग लिंबू, लिकर आणि पाक एवढंच बर्फात हलवून ग्लासात बर्फावर गाळा आणि निळी टकीला चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडा. खालचं गोड म्हणून जड, दारू हलकी, त्यामुळे ती वर तरंगते आणि जिथे लिंबाला भिडते तिथे निळ्याचं जांभळं व्हायला लागतं, ढवळलं की अख्खा ग्लास जांभळट गुलाबी. गोकर्णाचा रंग आंबटात बदलतो, बाकी जादू काही नाही, पण दिवे मंद करून पाहुण्यांसमोर ओता, बघा कसे सगळे फोन काढतात.

दुसरा रक्तवाला. याला मी 'काका मला वाचवा' म्हणतो, पुण्यात राहून दुसरं काय म्हणणार. साधी मार्गारिटा हलवून गाळायची आणि शेवटी एक छोटा चमचा कोकमचं आगळ वरून सोडायचं. आगळात मीठ असतं, ते जड, त्यामुळे लाल धारा वाकड्यातिकड्या होत तळाला जातात, पहिले दहा-पंधरा सेकंद खरंच अंगावर येतं. बाटली आगळाचीच घ्या, अमृतकोकम गोड असतं आणि मार्गारिटाची मजा घालवतं. आणि या ग्लासच्या कडेला मीठ लावू नका, खारट होईल.

गोकर्णवाल्याच्या कडेला मात्र काळं काहीतरी हवंच. काळं मीठ दळलं की गुलाबी दिसतं, ते उपयोगाचं नाही. त्याऐवजी कारळ्याची चटणी! कारळं भाजून, गार करून, जाडं मीठ आणि किंचित लाल तिखट घालून मिक्सरला नुसतं फिरवल्यासारखं करा, जास्त फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. लसूण अजिबात नको. ग्लासच्या अर्ध्याच कडेला लिंबू चोळून त्यात बुडवा, म्हणजे ज्याला नकोय तो दुसऱ्या बाजूने पिईल.

सजावटीला लिंबू-मिरची. छोटं लिंबू आणि हिरव्या मिरच्या सुई-दोऱ्याने ओवून ग्लासच्या काठावर लटकवा, याच्यापुढे तो भोपळा काहीच नाही. पण घरीच ओवा हां, शनिवारी दारात मिळते ती माळ आणून ग्लासात सोडू नका, तिच्यात बिब्बा आणि कोळसा असतो, आणि बिब्बा ओठाला उतला तर हॅलोविन तुमचाच व्हायचा. डोळा हवा असेल तर डबाबंद लिचीच्या पोटात काळा मनुका खोचा, टूथपिकवर लावून ग्लासवर आडवा ठेवा.

दोन गोष्टी करू नका असं माझं स्पष्ट मत. एक, काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल. तो पोटात औषधं शोषून घेतो, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी बीपीची नाहीतर गर्भनिरोधक गोळी घेत असेल तर तिचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि पार्टीत कोण कुणाला गोळ्यांबद्दल विचारतंय. दुसरं, धुरासाठी ग्लासात ड्राय आइस. उणे ७८ अंशांचा तो तुकडा चुकून तोंडात किंवा पोटात गेला तर भाजल्यासारखी जखम होते, शिवाय बंद फ्लॅटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो तो वेगळाच. धूरच पाहिजे तर गॅलरीत धुपाटणं ठेवा. आत नको, धुपाच्या वासात मार्गारिटाचा वास मरतो, आणि खालच्या काकू आरती कितीला आहे विचारायला येतील.

न पिणाऱ्यांसाठी गोकर्णाची फुलं गरम पाण्यात भिजवून गार करा आणि टकीलाच्या जागी ते पाणी, लिकरच्या जागी आधी सांगितलेला संत्र्याचा पाक घ्या, निळं पाणी तसंच हळू वरून ओता, तोच निळा-जांभळा खेळ होतो. फक्त आधी जरा जास्त पाक घाला म्हणजे निळं पाणी वर राहील. बाकी महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवा. जाताना सगळ्यांना रिक्षा किंवा कॅब करून द्या. आणि आगळाचा डाग पांढऱ्या कपड्यावरून निघत नाही, म्हणून भुतांनी चादर पांघरून यायचं ठरवलं असेल तर जुनी चादर आणायला सांगा.