'राज्यपालांचे मंत्रिमंडळ' म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याविषयीच्या एका मराठी मजकुरात 'राज्यपालांचे मंत्रिमंडळ' असे शब्द होते. आपल्याकडे तसं कुणी म्हणत नाही, मग ते चूक का? आणि मंत्रिमंडळ व मंत्रिपरिषद हे एकच का?

दुसऱ्याचं आधी उरकतो. काटेकोरपणे एक नाहीत, बोलण्यात मात्र सगळे एकच धरतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ मध्ये राज्यपालांना सहाय्य आणि सल्ला देण्यासाठी जी सांगितली आहे ती मंत्रिपरिषद. तिच्या प्रमुखपदी मुख्यमंत्री, आणि तिच्यात कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, असले तर उपमंत्री, असे सगळे आले. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातलं आतलं वर्तुळ, कॅबिनेट मंत्र्यांचं. गंमत अशी की राज्यांच्या संदर्भात हा शब्द घटनेत नाहीच. केंद्रासाठीसुद्धा तो १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये आला, आणीबाणीच्या तरतुदीत. तेव्हा नुसत्या राज्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तरी वर्तमानपत्रं 'मंत्रिमंडळ विस्तार' असा मथळा देतात, तो शास्त्राला धरून नाही. पण 'मंत्रिपरिषद विस्तार' कोण म्हणणार? रूढी जिंकली आहे, जिंकू द्यावी.

मंत्रिपरिषदेचा आकार २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने बांधून दिला: मुख्यमंत्र्यांसह विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त नाही, पण मर्यादा १२ च्या खाली जायची नाही. महाराष्ट्रात २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. गोव्यात ४० चे सहाच होतात, म्हणून तिथे बाराची सवलत कामी येते.

आता मुख्य प्रश्न. गोम सगळी 'चे' या प्रत्ययात आहे.

घटनेचं अक्षर पाहिलं तर मंत्री राज्यपालांचेच. मुख्यमंत्र्यांना नेमतात राज्यपाल, बाकीच्यांना नेमतात तेही राज्यपाल (मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने), शपथ देतात राज्यपाल, आणि मंत्री पदावर राहतात तेही राज्यपालांची मर्जी असेतोवर. कुठलाही शासन निर्णय उघडा. शेवटी ठरलेली ओळ असते, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि तिच्याखाली सही कुणा अवर सचिवाची किंवा उपसचिवाची. ही ओळ अनुच्छेद १६६ मुळे येते. राज्यपालांनी तो कागद पाहिलेला असतोच असं नाही. मंत्रिपरिषद सामुदायिकरीत्या जबाबदार असते ती विधानसभेला, आणि १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की काही अपवाद सोडले तर राज्यपालांनी मंत्र्यांच्या सल्ल्यानेच चालायचं. म्हणून भाषेने बरोबर ओळखलं आहे. आपण 'यशवंतरावांचं मंत्रिमंडळ', 'वसंतदादांचं मंत्रिमंडळ' म्हणतो. त्या वेळी राज्यपाल कोण होते, हे विचारलं तर भलेभले गडबडतील.

गव्हर्नरचं म्हणता येईल असं मंडळ आपल्याकडेही होऊन गेलं. ब्रिटिश काळात १९१९ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. राखीव खाती गव्हर्नर आपल्या कार्यकारी मंडळाच्या सभासदांसह चालवी आणि सोपीव खाती मंत्र्यांकडे असत. त्या सभासदांना कायदेमंडळ घरी पाठवू शकत नसे. तिथे 'गव्हर्नरचे' हा प्रत्यय शब्दशः खरा होता.

अमेरिकेतल्या राज्यांत गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला आणि कारभाराचा खरा प्रमुख. म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. अनेक राज्यांत खातेप्रमुख तोच नेमतो, बऱ्याच पदांना राज्याच्या सिनेटची संमती लागते, आणि हे खातेप्रमुख विधिमंडळाचे सदस्य नसतात. तिथे 'गव्हर्नरचे' खुशाल म्हणावं. फ्लोरिडाची तऱ्हा मात्र निराळी. तिथल्या कॅबिनेटमध्ये तिघेच: अ‍ॅटर्नी जनरल, मुख्य वित्त अधिकारी आणि कृषी आयुक्त. तिघेही राज्यभरातून स्वतंत्रपणे निवडून येतात, प्रसंगी गव्हर्नरच्या विरोधी पक्षाचेही. २००३ पर्यंत असे सहा जण होते. १९९८ च्या घटनादुरुस्तीने तीन झाले. गव्हर्नर त्यांच्यासोबत बसून मत देतो, आणि मतं समसमान पडली तर गव्हर्नरची बाजू जिंकली असं धरतात. कैद्याला माफी द्यायची तर यांतल्या दोघांची संमती लागते. मध्येच रिकामी झालेली जागा भरणं सोडलं तर नेमणूक त्याच्या हातात नाही, काढणंही नाही. मग 'त्याचे' मंत्रिमंडळ कसलं? 'फ्लोरिडाचे गव्हर्नर व कॅबिनेट' असं लिहावं. तिथलं सरकारही या दोघांचा उल्लेख असा जोडीनेच करतं.

तेव्हा मूळ मजकुरात खटकण्यासारखं पहिलं म्हणजे 'राज्यपाल' हाच शब्द. वाचकाच्या डोळ्यांसमोर अभिभाषण वाचणारे, नामधारी पदावरचे गृहस्थ येतात आणि पुढचा सगळा अर्थ घसरतो. अमेरिकेपुरतं 'गव्हर्नर'च ठेवावं. ब्रिटिश अमदानीबद्दल लिहितानाही आपण 'मुंबईचे गव्हर्नर' म्हणतो, राज्यपाल म्हणत नाही.

जाता जाता, 'मंत्रीमंडळ' नको. एकट्या 'मंत्री'ला दीर्घ ईकार, पण मूळ शब्द 'मंत्रिन्' असल्यामुळे समासात ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, मंत्रिपद, मंत्रिपरिषद. आणि 'राज्यमंत्री' म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे, ती पायरी आहे. केंद्र सरकारातही राज्यमंत्री असतातच.