वाल तोरांसला पार्टी दुपारीच सुरू होते!

प्रश्न: मी डब्लिनला एमएस करतेय. जानेवारीत आम्ही चौघंजण फ्रान्सच्या वाल तोरांसला जायचं म्हणतोय. स्की कोणालाच येत नाही, खरं सांगायचं तर निम्मा इंटरेस्ट नाइटलाइफमध्ये आहे 😄 बर्फ नक्की असेल ना? आणि दिवसा स्की, रात्री पार्टी असं रोज झेपतं का?

उत्तर: बर्फाचं टेन्शन घेऊच नका. हे युरोपातलं सगळ्यात उंच स्की रिसॉर्ट, गावच २३०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसहाशे मीटर वर तुमची रूम असणार.

झेपण्याचं म्हणाल तर घोळ असा की तिथली खरी पार्टी रात्रीची नसतेच. ला फोली दूस नावाची जागा डोंगरउतारावरच आहे, दुपारी डीजे सुरू होतो, लोक स्कीबूट घालूनच नाचतात आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद व्हायच्या सुमारास सगळं आटपतं, मग पिऊन तर्र झालेली मंडळी त्याच उतारावरून स्की करत खाली येतात! तुम्ही नवशिके, तुम्ही हे अजिबात करू नका. वर जाण्याआधी लिफ्ट-पासच्या खिडकीवर विचारून घ्या की स्की न करता लिफ्टने परत खाली येता येईल का, नाही म्हणाले तर गावातलेच पब बघा, तेही भरपूर आहेत, आणि उशिरापर्यंत नाचायचं तर मलेशिया नावाचा तळघरातला क्लब आहे. दारू मात्र जपून, कारण या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी, झोप नीट लागत नाही आणि सकाळी डोकं दुखतंय ते हँगओव्हरने की उंचीने तेच कळत नाही. पाणी पीत राहा, पहिली रात्र तर कोरडीच काढा (माझं कोण ऐकतंय म्हणा).

स्कीसाठी सकाळचा ग्रुप क्लास लावा. त्र्वा व्हाले म्हणजे आसपासच्या जोडलेल्या सगळ्या स्की-खोऱ्यांचे मिळून ६०० किलोमीटर ट्रॅक ऐकून मोठा पास घेऊ नका, पहिल्या आठवड्यात तुम्ही हिरव्या-निळ्या, म्हणजे सोप्या ट्रॅकच्या पुढे जात नाही. गावाच्या आसपास झाडं नाहीत, त्यामुळे ढग उतरले की वर कुठे खाली कुठे काही दिसत नाही, अशा दिवशी वर जाऊच नका. आकाश मोकळं असेल त्या दिवशी टोबोगनला (बर्फावरच्या घसरगाडीला) जा, ६ किलोमीटरची घसरण आहे, धमाल येते. इन्शुरन्स घ्याच, तिथे ट्रॅकवरून उचलून आणायचंही बिल लागतं, आणि प्यायलेले असाल तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात.

आणि हो, आयर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीये, भारतीय पासपोर्ट असेल तर फ्रान्सचा व्हिसा वेगळा लागेल, आधी ती अपॉइंटमेंट घ्या, हॉटेल नंतर.