लेहचं चार दिवसांचं काम : आधी दोन दिवस मागून घ्या

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कुपवाड एमआयडीसीतून तुम्हाला लेहला पंपसेट चालू करून द्यायला पाठवताहेत. सकाळच्या विमानाने उतरायचं, दुपारीच साइटवर हजर व्हायचं आणि चार दिवसांत नुब्रा खोऱ्यातल्या दिस्कित गावचा जुना पंपही बघून यायचा. कपडे काय न्यावेत, एवढंच तुम्ही विचारलंय. कपड्यांचं सांगतोच, पण त्याआधी साहेबांशी बोलून तारखा बदलून घ्या. पंपांच्या कामासाठी त्या भागात बऱ्याचदा जाणं झालंय, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, लेह ३५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. दिल्लीहून विमान तासा-दीड तासात तिथे नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. उतरल्यावर पहिले काही तास छान वाटतं आणि माणूस तिथेच फसतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे बहुतेक संध्याकाळी नाहीतर रात्री सुरू होतं. आमच्याबरोबर मिरजेचा एक फिटर होता, तालमीत घुमलेला, पंचविशीतला. पहिल्याच दिवशी त्यानं पाइप उचलले आणि रात्रभर उलट्या काढल्या. तरुण आहे, व्यायाम आहे, म्हणून त्रास होणार नाही, हा हिशोब तिथे चालत नाही.

साहेबांना पटवायचं तर पंपाच्याच भाषेत सांगा. साधी मोटर १००० मीटर उंचीपर्यंतच पूर्ण लोडला धरलेली असते. त्याच्या वर हवा विरळ, कूलिंग कमी, म्हणून तिचं रेटिंग उतरवावं लागतं, म्हणजे तिच्यावर कमी लोड धरावा लागतो. तसंच फिटरचंही रेटिंग पहिले दोन दिवस उतरवावं लागतं. पहिला दिवस खोलीवर पडून, दुसरा दिवस फार तर बाजारापर्यंत सावकाश फेरी. तिसऱ्या दिवशी साइट. म्हणजे चाराचे सहा दिवस होतात, आणि हवामानामुळे विमान रद्द होऊ शकतं म्हणून परतीला आणखी एक दिवस हाताशी ठेवा. दिवाळी जवळ असेल तर घरीही तशी कल्पना देऊन ठेवा.

दिस्कितचं या फेरीत नको, असं माझं स्पष्ट मत. गाव लेहपेक्षा खाली आहे म्हणून सोपं वाटतं, पण नेहमीचा रस्ता ५३५९ मीटरच्या ‘खारदुंग ला’ या खिंडीवरून जातो. त्या दिवसांत तिथे बर्फ पडून रस्ता बंद झाला, तर पलीकडेच अडकाल.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. ती गोळी चालू असताना लघवीला जास्त होतं, बोटांना मुंग्या येतात, त्यानं घाबरू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. विश्रांती घेतानाही दम लागतोय, खोकला वाढतोय, चालताना तोल जातोय किंवा बोलण्यात गोंधळ होतोय, असं झालं तर सकाळची वाट न बघता लेहचं एसएनएम हॉस्पिटल गाठा. हे सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा, कारण गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही.

आता कामाचं. सक्शनची उंची, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतचं उभं अंतर, नीट तपासा. सांगलीत हवेचा दाब पाण्याच्या साधारण पावणेदहा मीटर उंचीइतका असतो, लेहला तो पावणेसातच्या आसपास. सरळ तीन मीटर गेले. इथे सहा मीटरवरून पाणी ओढणारा सेंट्रिफ्युगल पंप तिथे तेवढ्यावरून उचलणारच नाही आणि सगळे उगाच पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हला दोष देत बसतील. पाण्यात बुडवून बसवायचा सबमर्सिबल असेल तर ही अडचण नाही. जनरेटरवर चालवणार असाल तर टर्बो नसलेलं डिझेल इंजिन तिथे बरीच ताकद गमावतं, आकार ठरवतानाच ते धरा.

आणि संध्याकाळी काम थांबलं की पंपाच्या बाहेरच्या कवचाचा, म्हणजे केसिंगचा, ड्रेन प्लग काढून पाणी सोडून द्या. ऑक्टोबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो, आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि बीडाची केसिंग तडकते. चालू करून दिल्यावर तिथल्या ऑपरेटरकडून हे दोन वेळा हातानं करून घ्या, नुसतं सांगून भागत नाही. फाउंडेशनचं ग्राउटिंग, म्हणजे पंपाच्या बैठकीखाली सिमेंटचा माल भरणं, असेल तर ते सकाळी ऊन आल्यावर करा आणि रात्री झाकून ठेवा.

कपडे: आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा आणि तासगावात द्राक्षांची छाटणी, त्यामुळे जाड जाकीट भरायला हात धजत नाही. तरी भरा. आत थर्मल, मध्ये लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. दुपारच्या उन्हात एकेक थर काढता येतो. कानटोपी, हातमोजे, गॉगल आणि ओठांना लावायला व्हॅसलीन. हवा इतकी कोरडी असते की नाकातून रक्त येऊ शकतं.

मोबाइल पोस्टपेड हवा, आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पाने, टेस्टर वगैरे हत्यारं चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. भडंग नक्की न्या. पाकीट वर गेल्यावर फुग्यासारखं टम्म होतं, म्हणून घट्ट डब्यात भरा. पहिल्या दिवशी भूक मेलेली असते तेव्हा थुक्पा, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, बरा, गरम आणि पचायला हलका. बरेच हॉटेलवाले त्या सुमारास पाइप गोठण्याच्या भीतीनं बंद करायला लागतात, तेव्हा खोली आधी फोन करून पक्की करा आणि खोली गरम ठेवायची काय सोय आहे ते विचारा.

पंपाचं मॉडेल, पाण्याची पातळी आणि पंप बसणार ती जागा यांतलं अंतर मला कळवा. सामान ट्रकवर चढण्याआधी सक्शनचा हिशोब मांडून देतो.