अँटिऑक्सिडंटची पातळी कमी आली, गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझे वय ५४ असून नऊ वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन चालू आहे; तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.२ आली. तपासणीच्या एका पॅकेजमध्ये ‘अँटिऑक्सिडंट पातळी कमी’ असा शेरा होता. मेहुण्यांनी क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या व रोज सकाळी मोरावळा सुचवला आहे. उपयोग होईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : अहवालातला शेरा खोटा नसावा, पण त्याचा अर्थ मेहुण्यांनी लावला तसा नाही. रक्तातील साखर सतत चढी राहिली, की पेशींमधील मायटोकाँड्रिया या ऊर्जाकेंद्रांत सुपरऑक्साइडसारखे, पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू गरजेपेक्षा जास्त तयार होतात. शिवाय काही पेशी जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनवू लागतात आणि त्यात एनएडीपीएच हा रेणू खर्ची पडतो. ग्लुटाथायोन हे शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशा अतिक्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणारे द्रव्य, एकदा वापरले गेल्यावर पुन्हा कामाचे होण्यासाठी नेमका तोच लागतो. म्हणजे एकीकडे मारा वाढतो आणि दुसरीकडे ढाल झिजते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसा यांना होणाऱ्या इजेत या असमतोलाचा, म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, वाटा आहे.

मग बाहेरून भर घातली तर? हा प्रश्न रास्त आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर तपासून झाला आहे. ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त वीस हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम क आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन देण्यात आले, सहभागींमध्ये सुमारे सहा हजार मधुमेही होते. २००२ साली निष्कर्ष आले, तेव्हा रक्तातील जीवनसत्त्वांची पातळी चांगलीच वाढलेली होती, पण हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू यांत काहीच फरक पडला नव्हता. अहवालातला आकडा सुधारला, माणूस मात्र होता तिथेच राहिला.

मोरावळ्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. आवळा उत्तमच, पण बरणीतला तो आवळा साखरेच्या पाकात मुरलेला असतो, आणि आपली अडचण मुळात साखरेचीच आहे. आवळा हवाच असेल तर ताजा किसून, मीठ लावून पानात घ्यावा. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे सेन्सर चुकीचा आकडा दाखवू शकतात, त्यामुळे अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगावे.

खरा उपाय ८.२ या आकड्यात आहे. तो किती खाली आणायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, जेवणानंतर चाला आणि तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर ते थांबवा. पुढच्या वेळी मात्र ते पॅकेज घेण्याऐवजी बी-१२ तपासून घ्या. इतकी वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी झालेले आढळू शकते, आणि ती उणीव गोळीने किंवा इंजेक्शनने खरोखर भरून निघते.