मोनो-स्कीवर, म्हणजे पायांत ताकद नसलेल्यांच्या बसायच्या स्कीवर, बर्फाच्या उतारावरून उतरण्यात कौशल्य ते काय? यंत्रच सगळं करतं ना? मग जर्मन पॅरा-स्कीपटू ॲना शाफेलहुबरच्या २०१४ च्या पॅरालिम्पिकमधल्या पाच सुवर्णांचं एवढं कौतुक कशाला?

यंत्र काहीही करत नाही. चुकीचं जुळवलं तर पाडतं मात्र नक्की.

एकच स्की, वर फ्रेम, त्यात शॉक ॲब्सॉर्बर आणि अंगाच्या मापाची साचेबंद सीट. गुडघ्या-घोट्यांचं काम एकट्या शॉककडे. स्प्रिंग मऊ असेल तर वळणाच्या भाराखाली ती तळाला टेकते आणि पुढचा धक्का थेट कण्याला बसतो. रिबाउंड (दबलेल्या स्प्रिंगचं परत उसळणं) जास्त वेगाचा ठेवला तर वळण संपता संपता सीट वर फेकली जाते, स्कीची कड बर्फावरून सुटते. थंडीत डॅम्परमधलं, म्हणजे शॉकच्या उसळी रोखणाऱ्या भागातलं, तेल घट्ट होतं, त्यामुळे उबदार वर्कशॉपमध्ये केलेली जुळणी उतारावर तशी राहत नाही. सीट थोडी जरी मागे बसवली तरी स्कीच्या पुढच्या टोकावर भार येत नाही आणि स्की वळायला उशीर करते. सीट सैल असेल तर कमरेची हालचाल स्कीपर्यंत पोचण्याआधीच मुरते. आवळून बसवली तर संवेदना नसलेल्या कातडीवर नकळत जखमा होतात. म्हणून पॅडिंग हे स्वतंत्र शास्त्र आहे.

हातातल्या आउटरिगरना, म्हणजे टोकाला छोटी स्की असलेल्या काठ्यांना, लोक आधार समजतात. त्यांच्यावर रेललात की वेग गेलाच. त्या तोल सावरायला हलक्या टेकायच्या. स्कीची कड बर्फात रुतवायची ती धडाने.

आणि शाफेलहुबर एलडब्ल्यू-१० या अपंगत्वाच्या वर्गातली, जिथे धडावरचं नियंत्रणच सर्वांत कमी. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये सुपर-जीचं (लांब वळणांच्या वेगवान शर्यतीचं) कांस्य, २०१४ ला सोचीत पाचही प्रकारांत सुवर्ण. त्यातल्या स्लॅलममध्ये (जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेटमधून वळत जायच्या शर्यतीत) पहिल्या फेरीनंतर तिला बाद ठरवलं होतं. कारण काय, तर सुटताना आउटरिगर स्थिर नव्हते! अपिलात निर्णय फिरला आणि सुवर्ण तिचंच राहिलं. यंत्रच सगळं करत असतं तर सुटण्याच्या त्या एका क्षणावर एवढा वाद कशाला झाला असता?

"गुणकामुळे पदकं फुकट मिळतात" हे दुसरं तुणतुणं. बसून खेळणाऱ्यांच्या गटात एलडब्ल्यू-१० ते १२ एकत्र उतरतात, म्हणून प्रत्यक्ष वेळेला वर्गाच्या गुणकाने गुणतात. समजा गुणक ०.८०, तर ६० सेकंदांचे ४८ होतात. प्रत्येक प्रकाराचा गुणक वेगळा. आक्षेप घ्यायचाच तर त्या आकड्यावर घ्या, तिथे वादाला जागा आहे. पण गुणक काढून टाकलात तर धड पूर्ण चालणाऱ्याशी न चालणाऱ्याची शर्यत लावावी लागेल, आणि ती न्याय्य कशी हे आजवर मला कुणी पटवून दिलेलं नाही.

हो, महिलांच्या या गटात स्पर्धक मोजकेच असतात, हे मान्य. तरी गेट चुकलं की बाद, मग मागे कितीही जण असोत.